पाहुणे कल्याणला उतरले आणि परत गाडीत चढले

लिहायला उशीर झाला, राग मानू नका. आमच्या लेकीला, सुजाताला बघायला रविवारी मनमाडचे पाहुणे येणार, हे मीच इथे सांगून बसलेलो. तुम्ही 'काय झालं, काय झालं' विचारत राहिलात आणि माझं बोटच चालेना... आता तिला विचारूनच लिहितोय.

मुलाच्या मामांनी पहिल्या फोनवर विचारलेलं, तुम्ही कुठले? मी म्हणालो, मुंबईचे. खोटं बोलतोय असं मनातसुद्धा आलं नाही. साताऱ्याकडच्या आमच्या गावात मी चाळीस वर्षं मुंबईचाच आहे. जत्रेच्या मंडपात पाटी लागते त्यावरसुद्धा नावापुढे मुंबई. शिपायाची नोकरी फोर्टात केली, डबा तिथेच खाल्ला... कल्याणला काय, झोपायला यायचो.

मामा म्हणाले, गाडीनं येतो. मी म्हणालो, या, घर स्टेशनजवळच आहे, मी घ्यायला येतो. एवढंच बोलणं झालं.

रविवारी सकाळपासून माझं लक्ष घड्याळाकडे. याआधी दोन ठिकाणी जमता जमता राहिलेलं. सुजाता काही बोलत नाही, पण आईबापाला कळतंच ना...

गाडी यायच्या कितीतरी आधी मी प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा. गाडी आली. मुलाचा फोटो पाहिलेला, तसा कोणी उतरेना. माझ्या शेजारी स्टॉलवर एक टोपीवाले गृहस्थ वडापाव बांधून घेत होते. गाडी हलली तसे ते धावत चढले. मी ओरडलोसुद्धा, "अहो, सावकाश चढा!"

गाडी गेली. मामांना फोन लावला, तर लागेना. घरी आलो. वाटलं, कोणीतरी काहीतरी सांगितलं असणार, यांनी येणंच रद्द केलं. केलेले पोहे झाकून ठेवलेले... ही त्या झाकणाकडे बघत बसलेली.

तासाभराने फोन आला. "पाव्हणं, मुंबईला उतरलो आम्ही! मोठ्या घड्याळाखाली उभं हाय, तुम्ही कुठंयत?" तिथेच थांबा, आलोच, असं बोलून गेलो. सुजाताने फोन हातातून घेतला. "मामा, तुमची गाडी कल्याणला थांबली होती ना? तिथेच उतरायचं होतं हो." आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "बाबा, अजून सांगा मुंबई!"

ते उलटे फिरून, मला न कळवता पत्ता विचारत घरी आले तोवर उन्हं कलली होती. मुलगा, त्याची आई आणि मामा. मामांच्या डोक्यावर ती टोपी. दारातच थबकले. "अहो, तुम्हीच की ते! सावकाश चढा म्हणालात!" सगळे हसले. मुलाची आई तेवढी हसली नाही.

बसल्यावर त्या खिडकीतून बाहेर बघून म्हणाल्या, "म्हंजे ही मुंबई नाहीच तर." मी मान खाली घातली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला ते खोटं वाटलं.

सुजाता साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन आली. तेवढ्यात मोरीत नळ खरखरला. आमच्याकडे पाणी संध्याकाळी, तेही तासभरच. आणि दुसऱ्या दिवशी बंद असणार होतं. या बाईने काय करावं... ट्रे माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि गेली पिंप भरायला!

मी ट्रे धरून तसाच उभा. मनात म्हटलं, संपलं. हिला डोळ्यांनी खुणावतोय, तिला बोलाव... तर मुलाच्या आई उठल्या आणि तिच्यामागे मोरीत गेल्या.

आतलं सगळं बाहेर ऐकू येत होतं. घर केवढं आमचं!

"मुंबईत बी असं भरावं लागतं?"

"मुंबईचं मला काय माहीत, काकू. मी कल्याणची."

कळशी पिंपात रिकामी झाल्याचा आवाज. मग हसण्याचा. "अगं, आमच्याकडं आठ-आठ दिवसांनी येतं बाई. मी म्हणलं, मुंबईची पोरगी आमची पिंपं बघूनच पळून जाईल... ती कळशी दे इकडं."

दोघी बाहेर आल्या तेव्हा त्यांचीही साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. पोहे थंड झालेले, पण त्यांनी दोनदा घेतले. मुलगा सुजाताकडे बघून हसत होता... तीही हसत होती. मी आपलं छताकडे बघितलं.

स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा मामा कानाशी म्हणाले, "ताई मुंबईची पोरगी नकोच म्हणत होती. मीच ओढून आणलं." गाडी सुटताना त्या खिडकीतून म्हणाल्या, "घरात बोलते आणि निरोप देते."

तेव्हापासून फोन मी आंघोळीला जातानासुद्धा दाराशी ठेवतो. ही म्हणते, इथे लिहू नका, नजर लागेल. पण गप्प बसवत नाही... मी लेकीला वजन यावं म्हणून मुंबई सांगत होतो. ती मात्र एका वाक्यात कल्याणची होऊन मोकळी झाली. देवाने मला तिच्याएवढी हिंमत दिली असती, तर पाहुण्यांचा हेलपाटा वाचला असता.

मामा, तुम्ही मी लिहिलेलं वाचता असं म्हणाला होतात. जे काही ठरलं असेल ते असो, निरोप तेवढा लवकर पाठवा. आणि यायचं झालं तर कल्याणलाच उतरा... मी वडापावच्या स्टॉलपाशी उभा असेन.