परत म्हटलं म्हणजे पत्करलं

कमांडरना काहीही सांगा, ते तेच तुम्हाला परत म्हणून दाखवत. "दादा, येताना अर्धा किलो रवा आणा" म्हटलं की "अर्धा किलो रवा आणतो." "उद्या लाइट जाणार आहे" म्हटलं की "उद्या लाइट जाणार." नवख्या माणसाला वाटे, हा गृहस्थ आपली टर उडवतोय. निर्मळच्या नाक्यावरचा वाणी सुरुवातीला चिडायचासुद्धा. पण कमांडर समोरच्याकडूनही हेच करून घेत. हिशेब सांगून झाला की म्हणत, "आता तू म्हण." पुढे पुढे आमची अख्खी आळी पोपटासारखी बोलायला लागली. कमांडर गेले, तरी आमची ती खोड काही गेली नाही.

विमानात ही रीतच असते, असं ते सांगत. खालच्या टॉवरने सांगितलेलं वरच्या वैमानिकाने शब्द न शब्द परत म्हणायचं, म्हणजे ऐकण्यात चूक झाली तर तिथेच कळते. त्यांनी मात्र त्यात आपल्या पदरची भर घातली होती. "परत म्हटलं म्हणजे पत्करलं," असं ते म्हणत. जे आपल्या हातून होणार नाही, ते परत म्हणायचं नाही. गावातल्या लग्नाला या, असा आग्रह कुणी केला आणि त्या दिवशी ड्यूटी असली, तर ते नुसतं हसत. लोकांना ते शिष्टपणाचं वाटे. मला आधी गंमत वाटायची. त्या सवयीची भीती वाटण्याचा प्रसंग माझ्यावर पुढे आला.

आमची वाडी आणि त्यांची वाडी लागून. मध्ये बावखल, म्हणजे आमच्याकडचं गोड्या पाण्याचं जुनं तळं. दोन्हीकडची केळी आणि फुलझाडं त्याच्यावरच जगतात. ते मला नावाने कधी हाक मारत नसत. "शेजारी" म्हणत. विमानातही एक शेजारी असतो, उजव्या खुर्चीतला सहवैमानिक, आणि त्याचं काम एकच, दिसलं ते बोलणं, असं त्यांचं मत. वायुदलात त्यांनी मालवाहू विमानं चालवली होती, बर्फाच्या डोंगरांतून. विंग कमांडर होऊन ते बाहेर पडले आणि विमान कंपनीत लागले. पहिली काही वर्षं ते स्वतःच उजव्या खुर्चीत बसले, आपल्या पुतण्याच्या वयाच्या मुलाचे शेजारी म्हणून. घरी येऊन सांगत, "पोरगा चांगला आहे. ओठांवर आलेलं काका तेवढं गिळतो."

मग एक दिवस ते कॅप्टन झाले. वहिनींनी पेढे वाटले आणि आळीत भलतीच कुजबुज सुरू झाली. राजोडीहून मासळी घेऊन येणाऱ्या फिलूमावशीचा भाचा फौजेत, त्यामुळे हुद्द्यांची उतरंड तिला तोंडपाठ. तिने टोपली ओट्यावर ठेवली आणि कमांडरना सरळच विचारलं, "कमांडर होतास, तो कप्तान झालास? कोनाशी भांडलास काय? काय केलंस म्हनून खाली उतरवला तुला?" वहिनी हसून हसून बेजार झाल्या. कमांडरनी तिला शांतपणे समजावलं, की फौजेतला कॅप्टन वेगळा आणि विमान कंपनीतला वेगळा. तिने मान डोलावली, पण तिला ते पटलेलं नव्हतं. त्या दिवशीचे बोंबील तिने त्यांना स्वस्तात घातले, पडत्या काळातल्या माणसाला घालतात तसे. गावानेही त्यांना कॅप्टन कधी म्हटलं नाही. उगाच कशाला जखमेवर मीठ, असा सगळ्यांचा विचार.

दोन्ही नोकऱ्यांत फरक काय, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. जत्रेतली सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, खात आम्ही बावखलाच्या काठी बसलो होतो. ते म्हणाले, "तिकडे मागे जवान असायचे आणि पिठाची पोती. दोघंही तक्रार करत नाहीत. इकडे चहा पांचट आहे म्हणून तक्रार येते." मग हातातलं सुकेळं खाली ठेवलं. "पण जवानाला माहीत असतं आपण कशात बसलोय. इकडचा माणूस पट्टा लावतो आणि झोपून जातो. त्या झोपेचं ओझं पिठापेक्षा जास्त."

त्यांनीच एक किस्सा फार कौतुकाने सांगितला होता. खालून उंचीचा आकडा आला आणि यांनी भलताच आकडा परत म्हटला. शेजारी एक तरुण मुलगी होती, नुकतीच लागलेली. ती म्हणाली, "सर, आकडा चुकला." यांनी हात हलवून तिला गप्प केलं, वायुदलातली जुनी सवय. मग ती सर वगैरे सोडून खणखणीत म्हणाली, "कॅप्टन, आकडा चुकला." आणि तो खरंच चुकला होता. "शेजाऱ्याने दोनदा बोलायचं असतं," कमांडर म्हणाले. "पहिल्यांदा मानाने. दुसऱ्यांदा हुद्द्याने. हुद्द्याने हाक मारली की कितीही अकडू माणूस जागा होतो." त्या मुलीचं धाडस ऐकून आम्ही सगळे खूश झालो. एवढ्या जुन्या वैमानिकाला आकडा चुकीचा ऐकू आलाच कसा, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतरच्या वर्षात बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या. पूर्वी नुसत्या आवाजावरून ते विमान ओळखत, मान वर न करता. आता विमान वसईच्या बाजूने यायचं आणि हे उलट दिशेला, आगाशीकडच्या आभाळात शोधत राहायचे. चालताना मला नेहमी एकाच बाजूला घ्यायचे. वहिनी म्हणत, हल्ली लक्षच नसतं यांचं, अर्धं बोलणं वाऱ्यावर. मलाही तसंच वाटे, की माणूस थकलाय. मात्र त्यांचं परत म्हणणं कमी होत चाललं होतं आणि ते मला खटकत होतं. दातात काहीतरी अडकावं तसं ते माझ्या मनात राहिलं.

गणपतीनंतरची गोष्ट. पाऊस उघडला होता आणि ते बावखलावरची मोटर बघायला गेले होते. सकाळी त्याच मोटरने मला झटका दिला होता. मी माझ्या काठावरून ओरडलो, "दादा, मोटरला हात लावू नका, करंट उतरतोय!" त्यांनी माझ्याकडे बघून हात वर केला आणि म्हणाले, "हो."

नुसतं "हो." या माणसाने मला इतक्या वर्षांत नुसतं "हो" कधी म्हटलं नव्हतं. मेन स्विचची पेटी माझ्या बाजूच्या खांबावर होती. मी चिखलातून धावलो आणि खटका खाली ओढला. मागे वळून पाहतो तो त्यांचा ओला हात मोटरवर होता आणि ते सावकाश बोल्ट चाचपत होते. "लाइट गेली का रे?" त्यांनी मला विचारलं.

मी जवळ गेलो. माझा चेहरा बघून ते काय ते समजले. काठावर बसले. मी डाव्या बाजूला बसून नेहमीच्या आवाजात म्हटलं, "वहिनी चहाला बोलावताहेत." ते पाण्याकडे बघत राहिले. मग उजव्या बाजूला जाऊन तेच म्हटलं, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. डावा कान जरा सुस्त झालाय, म्हणाले. हेडफोनमध्ये भागतं. वैद्यकीय तपासणीला अजून अवकाश आहे. हे सगळं ते फार पटापट बोलले. शेवटी हळूच म्हणाले, "कधी कधी जमीन कलल्यासारखी वाटते."

"इथे वाटते की वर?" मी विचारलं.

त्यांनी काठावरचा पान्हा उचलून पुसायला घेतला. मला त्या बावखलाच्या पाण्याची भीती वाटू लागली, इतकं ते स्तब्ध होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीची गाडी आळीत आली. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. ते इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात बाहेर आले, खांद्यावर पट्ट्या, हातात टोपी. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीसारखा डबा पुढे केला. डोक्यावरून एक विमान समुद्राकडे गेलं आणि कमांडरनी भलतीकडेच पाहिलं. मला विमानात मागे झोपलेल्या माणसांशिवाय काही दिसेना. मी जाऊन गाडीच्या दारापुढे उभा राहिलो आणि म्हटलं, "दादा, आज जाऊ नका."

"उशीर होतोय, शेजारी," ते म्हणाले आणि त्यांनी मला हाताने बाजूला केलं.

माझ्यापेक्षा मोठा माणूस, त्यांच्याशी मी कधी चढ्या आवाजात बोललो नव्हतो. पण बोललो. "कॅप्टन, आज जाऊ नका."

ते थांबले. आळीत त्यांना त्या हुद्द्याने हाक मारणारा मी पहिलाच. त्यांचा चेहरा असा झाला, की हे आता मला मारणार किंवा रडणार. दोन्ही झालं नाही. त्यांनी टोपी डाव्या हातातून उजव्या हातात घेतली, उगाचच. मग माझ्या डोळ्यांत बघून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आज जात नाही."

वहिनींच्या हातातला डबा तसाच राहिला. मी मात्र श्वास सोडला. परत म्हटलं म्हणजे पत्करलं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या फोन लावून आपण उडायला योग्य नाही असं कळवलं आणि कारणही सांगितलं. गाडी आमच्या अरुंद आळीत मागेपुढे करत वळली, केळीची पानं घासत रिकामी निघून गेली.

फिलूमावशीला कळायला किती वेळ लागणार? दोन दिवसांनी तिने विचारलंच, "आता कोनी उतरवला?" कमांडर तिची टोपली उतरवायला पुढे झाले. म्हणाले, "या वेळी मीच उतरलो, मावशी." त्या दिवशी तिने भाव कमी केला नाही. तो मला मोठा सन्मान वाटला.

डॉक्टरांनी सांगितलं, कानामागच्या शिरेवर गाठ आहे आणि ती आत मेंदूकडे सरकतेय. नुसता कान सुस्त असता तर बरं होतं. ऑपरेशन मुंबईला ठरलं. मधल्या दिवसांत ते वाडीतच असायचे. विमान आलं की वर बघायचं त्यांनी सोडून दिलं होतं. मला वाटे, आपण यांचं आभाळ काढून घेतलं. एकदा तसं बोललोही. ते म्हणाले, "शेजाऱ्याने शेजाऱ्याचं काम केलं," आणि मला केळीला आधार लावायला पाठवलं.

निघायच्या दिवशी ते मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी बसले होते, उशीला टेकून. वहिनी पुढे. आळी जमली होती आणि सगळे एकदम बोलत होते, म्हणून मी वळसा घालून पलीकडे गेलो. उजवं दार उघडून आत वाकलो, अगदी जवळ. म्हटलं, "दादा, बरे होऊन परत या."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्या हातावर हात ठेवला. ओठ हलले, पण शब्द थांबला. मग ते हसले आणि म्हणाले, "हो."

मी त्यांच्या उजव्या कानाशी बोललो होतो. त्यांना सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.