मयतीची चाल

“असं समज, तुझ्याच घरातलं कुणीतरी गेलंय. आणि वाजव.”

समितीचे अध्यक्ष आबांना म्हणाले. आबा, माझे वडील, साठीचे. अध्यक्ष पन्नाशीचेही नसतील. खुर्च्यांवर चौघे, मधे टेपरेकॉर्डर. हलगी उभ्यानं वाजवतात. आबांना त्यांनी फरशीवर बसवलं होतं, माईक वर पोचत नव्हता म्हणून.

कोल्हापुरातल्या एका कलासंस्थेचा हॉल. लोप पावणाऱ्या कला जपायला सरकार पैसे देणार होतं. निवडलेला वादक गुरू, त्याच्या हाताखाली दहा मुलं. आमच्या वस्तीतली पोरं हलगीला हात लावत नव्हती. बरोबरच होतं त्यांचं. जिनं आजोबांना दारोदार वाकवलं, ती गळ्यात कोण घालणार? पण सरकारी कागदावर गुरू म्हणून नाव आलं तर पोरं येतील, असं आबांना वाटायचं. बावीस चाली येत होत्या त्यांना. त्या आपल्याबरोबर जाणार, या धास्तीनं माणूस झुरत होता.

अर्ज मी भरला. तेव्हा मी कॉलेजात होते. ‘दुर्मीळ चाली’ असा रकाना होता. वजन पडावं म्हणून त्यात मयतीची चाल लिहिली. आबांना न विचारता. शहाणपणा माझा.

ही चाल फक्त तिरडीपुढं वाजते. घरात नाही, सरावाला नाही. उगाच वाजवली तर ती माणूस मागते, असं जुने वादक मानतात. मी मानत नव्हते. आबा मानत होते.

“साहेब, मढं नसताना ती वाजवत न्हाईत,” आबा म्हणाले. “दुसरी कुठली बी सांगा की.”

“अर्जात तूच लिहिलंयस ना? मग हा देवऋषीपणा कशाला?”

चौघे हसले. आणि मग अध्यक्षांनी ते ‘तुझ्याच घरातलं’ वाक्य टाकलं.

आबांनी माझ्याकडं पाहिलं. घरी आई आठ दिवस तापानं फणफणत होती. आबांनी हलगीचं टिपरू उचललं. एका नावासाठी माझा बाप आपल्याच घरात मरण बोलवायला निघाला होता, आणि ती पाळी मी आणली होती. न मानणारी मी, मलाही भीती वाटली. पाठोपाठ संताप आला.

मी त्यांचा हात धरला.

“साहेब, तुमच्या घरातलं कोण गेलंय असं समजून वाजवू दे का?”

टेप चालूच होता. कुणी हसलं नाही. अध्यक्षांच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाहेर काढा हिला.”

आमचं मरण त्यांना नुसतं ऐकायचं होतं. स्वतःच्या घराचं नाव निघाल्यावर त्यांनाही देवऋषी आठवला. हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्यानंतर मी कुठल्याही साहेबाला घाबरले नाही.

आई वाचली. अर्ज नामंजूर झाला. पैसे त्याच संस्थेला मिळाले. गुरू म्हणून अध्यक्षांच्या मेव्हण्याचं नाव लागलं, तबला शिकवणाऱ्या. आबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एका सकाळी म्हणाले, “तुला शिकायची हाय का?”

एकवीस चाली मी घरी शिकले. बाविसावी शिकवत नाहीत, ती मयतीत वादकाबरोबर चालून उचलायची असते. म्हणून मी आबांबरोबर जाते. बाई तिरडीपुढं चालते म्हणून भावकी कुजबुजते. कुजबुजू दे. आबांना आता दम लागतो. मधेच थांबतात, तेव्हा हलगी मी घेते.

गेल्या महिन्यात संस्थेचा माणूस घरी आला. आबा आत झोपले होते.

“मयतीची चाल तेवढी रेकॉर्ड करायची राहिलीया बघा, ताई,” तो म्हणाला. “वेळ आली की निरोप द्या. आम्ही मशीन घिऊन येतो.”

मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

वेळ येईल. आबांच्या तिरडीपुढं ती चाल मी वाजवणार आहे, आमच्या वस्तीतून, आमच्या माणसांसाठी. त्या दिवशी कुणी मशीन घेऊन आलाच, तर आधी मशीन फुटेल. मगच तिरडी उचलली जाईल.