ओढ्याकाठी न लावलेले दगड

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या पोटात कुठली गोष्ट राहत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे.

मेंढ्यांची गोष्ट तुम्ही ऐकलीय. माझ्याच तोंडून. लग्नाची पंगत बसली की कुणीतरी म्हणतंच, ‘अहो, ती मेंढी करून दाखवा!’ मग मी खांद्यावर उपरणं ओढतो, मान पुढे काढतो, जबडा आडवा हलवतो — आणि लोक हसता हसता ताटावर वाकतात. वाढपीसुद्धा पातेलं टेकवून उभा राहतो. मला ते आवडतं. का नाही आवडणार?

ती गोष्ट खोटी आहे. म्हणजे — मेंढ्या होत्या, त्या राखणारा मायाप्पाही होता. तळं गाळानं भरलं, तेही खरं.

पण क्रमानं सांगतो. एरवी मी शेवट राखून ठेवतो, आज तसली कारागिरी नको.

मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढचं वर्ष. मी सरकारी कामावर सुपरवायझर होतो. ऑफिस सोलापुरात सात रस्त्याजवळ, काम दुधनीकडच्या एका गावात. टेकाड फोडून रस्ता चालला होता. अशा कामाचा एक नियम असतो — निघालेली माती ओढ्याच्या काठावर टाकायची नाही. दुसरी जागाच नसेल, तर ढिगाच्या पायथ्याशी दगड रचून बांध घालायचा, आणि तो पावसाच्या आधी. नाहीतर ती माती ओढ्यात उतरते आणि ओढा ती तळ्यात नेऊन टाकतो.

हा नियम मला तोंडपाठ होता. नुसता तोंडपाठ? मी तो गावोगावी करून दाखवायचो! आधी मी टेकाड व्हायचो, मग पाऊस, मग माती होऊन चावडीच्या पायरीवरून घसरत खाली यायचो. पोरं टाळ्या पिटायची. माती वाहून गेली तर काय होतं, हे त्या भागात माझ्याइतकं रंगवून कुणी सांगितलं नसेल.

आणि त्याच गावात माती ओढ्याच्या काठावर पडली. दगड शेजारीच आणून ठेवले होते. कामावरच्या बाया म्हणाल्या, ‘सायेब, दगुड लावायचं न्हवं का आता?’ मी घड्याळाकडे बघितलं. सोलापूरला ऑफिसच्या नाटकाची तालीम होती, त्यात माझा दिवाण होता — विनोदी, चांगला लांबलचक पार्ट. एसटी चुकली तर तालीम बुडणार. ‘उद्या लावू,’ म्हटलं.

उद्या दुसरंच काम निघालं. परवा ते दगड रस्त्याच्या कामाला गेले. पुढे इंजिनियरसाहेबांनी विचारलं, ‘ढिगाला बांध घातला ना?’ मी म्हणालो, ‘घातला, साहेब.’

इतकं सोपं होतं ते.

पावसाळा सरता सरता एक जोराचा पाऊस झाला आणि अख्खा ढीग ओढ्यात उतरला. गावाची जनावरं ज्या तळ्यावर पाणी प्यायची, तिथं गुडघाभर चिखल उरला. इंजिनियरसाहेब आले. चावडीत गाव जमलं. ‘बांध होता ना?’ त्यांनी विचारलं, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती का? कदाचित नसती. बोलणी बसली असती. पण एवढी माणसं माझ्याकडे बघत होती — आणि मला स्वतःचं हसं करून घ्यायचं नव्हतं. हसवणं निराळं, हसं होणं निराळं.

खांबाला टेकून मायाप्पा उभा होता. मेंढपाळ. सुगी झाली की लोक त्याची मेंढरं आपापल्या वावरात बसवायचे. लेंड्यांचं खत पडायचं, त्या बदल्यात मायाप्पाला ज्वारी मिळायची. त्याच्या घराचं पोट त्यावर चालायचं. त्याची मेंढरं त्या ढिगावर चढायची हे सगळ्यांनी पाहिलेलं. दगड आलेलेही पाहिलेले; ते लागले की नाही हे पायथ्याशी उतरून कुणी बघितलं नव्हतं, आणि कामावरच्या बाया परगावच्या, त्या केव्हाच पुढच्या कामावर गेल्या होत्या.

मी उठलो. ‘बांध होता, साहेब! पण मेंढीला काय सांगणार?’ — आणि मी मेंढी झालो. एक मेंढी खुरानं दगड ढकलतेय, दुसरीला हाक मारतेय, ‘ये गं, हितं पाला लई ग्वाड हाय!’ मग दोघी दगडासकट गडगडत खाली. दगड गाळात गडप! चावडी हशानं फुटली. साहेब चष्मा काढून डोळे पुसायला लागले. मायाप्पा तर खाली बसून हसत होता. ‘ही माजी काळीच की! हुबेहूब काळी!’

सरपंचही हसत होते. हसत हसतच म्हणाले, ‘मायाप्पा, उद्यापासनं तुजी मेंढरं आमच्या शिवारात नकोत.’

मायाप्पाला वाटलं, हीसुद्धा थट्टाच. मग त्यानं सरपंचांचं तोंड नीट बघितलं आणि माझ्याकडे वळला. ‘सायेब, तुमी तरी सांगा की ह्यास्नी.’

मी काय केलं? मी पुन्हा मेंढीचं तोंड केलं. ‘ब्यॅऽऽ.’

चावडी पुन्हा हसली. या वेळी मायाप्पा हसला नाही.

गोष्ट फार चांगली जमली होती, तिथंच घोटाळा झाला. दुधनीच्या बाजारात ती दुकानादुकानातून फिरली. मायाप्पा ज्या गावाला जाईल तिथं गोष्ट त्याच्या आधी पोचलेली. पोरं त्याच्यामागे ब्यॅ ब्यॅ करत जायची. कुणी मेंढरं बसवून घेईना. उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढला, तेव्हा मी तिथं उभा होतो. पाटीमागून पाटी वर येत होती. एक बाई म्हणाली, ‘दगुड एकबी घावंना की, सायेब.’ मी म्हणालो, ‘मेंढ्यांनी खाल्ले असतील.’ तीही हसली.

काही वर्षांनी सोलापुरात, नवी पेठेत मागून हाक आली. ‘सायेब! वळकलं का?’ मायाप्पा. कापडाचे गठ्ठे लादलेली हातगाडी ओढत होता.

‘मेंढरं?’ मी विचारलं.

‘इकली की. कुणी बसवूच देईना.’ मग मान हलवून म्हणाला, ‘काळी लई वांड होती, सायेब. तिनंच घात केला. माजंच चुकलं, बांधून घालायला पायजे होती.’

त्याला खरं वाटत होतं. माझं ते नाटक त्याला खरं वाटत होतं.

मग त्यानं बरोबरच्या हमालांना बोलावलं. ‘ह्येच ते सायेब! माजी काळी करून दावत्यात.’ आणि मला म्हणाला, ‘दावा की. लई दिस झालं बगून.’

मी पिशवी खाली ठेवली. मान पुढे काढली, जबडा आडवा हलवला, खुरानं दगड ढकलला. दुकानांतली माणसं बाहेर आली. मायाप्पा गाडीचा दांडा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होता.

त्याला तेव्हाही सांगितलं नाही. दगड लावलेच नव्हते.