फुटक्या फोनातली मेंढरं

ती घटना आठवली की आजही मला आधी त्या मोबाइल दुकानदाराचं हसू दिसतं. माझ्याच ठाण्यात, माझ्याच समोर बसून तो हसला होता. नोकरीत मी शिव्या खाल्ल्या, दगडही खाल्ले. पण ते हसू सगळ्यांत जास्त झोंबलं.

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या अंगाला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी मेंढपाळ बाई आली. नवरा वारलेला, दोन लेकरं पदरात. शेतात बसवलेल्या कळपातली निम्मी मेंढरं कुणीतरी गाडीत घालून पळवली होती. ठाणे अंमलदार म्हणाला, "चरत गेली असतील कुठं. बघा आधी."

बाई दारातच बसली. "फिर्याद लिवा, मंग उठते. मेंढरं गेल्यावर लेकरायला काय खाऊ घालू?"

मी स्वतः समोर बसून फिर्याद लिहून घेतली.

खबर झरी गावाकडून आली. तिथला एक चहावाला आमचा जुना खबरी. तो म्हणाला, एका व्यापाऱ्याच्या शेडात नवी मेंढरं उतरलीत आणि सगळ्यांचे कान ताजे कापलेले आहेत. मेंढपाळ ओळखीसाठी जनावराच्या कानाला काप घेतात. कानच नव्यानं कापला की ती खूण जाते. आम्ही छापा घातला. बाईनं शेडात पाऊल टाकताच आपली जनावरं ओळखली.

व्यापारी जागचा हलला नाही. "माझ्या घरची पैदास हाय. नुसत्या तोंडी सांगण्यावर कोर्ट हिचं ऐकंल का?"

"तोंडी कामून?" बाई ठसक्यात म्हणाली. "समद्यायचे फोटू हायत मपल्याकडं."

पूर्वी एकदा तिची मेंढरं दुसऱ्याच्या कळपात मिसळून मोठं भांडण झालं होतं. तेव्हापासून ती प्रत्येक मेंढराच्या तोंडाचा फोटो काढून ठेवायची. तिनं फोन उघडला. फोटो नव्हते. क्लाउडवरच्या खात्यात बघितलं, तिथलीही कचरापेटी रिकामी. तोवर वाघिणीसारखी उभी असलेली ती बाई मटकन खाली बसली.

खातं कुणी काढून दिलं, असं मी विचारलं.

"ज्याच्याकडून फोन घेतला, त्या दुकानदारानं."

"पासवर्ड?"

"त्यालाच ठाव."

आपल्याकडे अर्ध्या लोकांचं हेच असतं. घराची चावी शेजाऱ्याकडे ठेवताना दहादा विचार करणारा माणूस ही चावी दुकानात हसत हसत देऊन येतो. चौकशी केली, तर दुकानदार व्यापाऱ्याचा मेहुणा निघाला.

सायबर शाखेमार्फत आम्ही क्लाउडच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की चोरीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका संगणकावरून खातं उघडून फोटो कायमचे पुसले गेले आहेत आणि आता ते परत मिळणार नाहीत. संगणक दुकानातलाच होता. दुकानदाराला बोलावून घेतलं.

"खातं मीच काढलंय, कधी उघडलं आसंल," तो म्हणाला. "पण त्यात मेंढरं होती कशावरून? साहेब, कायमचं डिलीट झालेलं कुणाच्या बापाला बी परत आणता येत न्हाई." आणि तो हसला.

त्याच दुपारी एका पुढाऱ्याचा फोन आला. मेंढरंच तर आहेत, बाईला चार पैसे देऊन मिटवून टाका, असा सल्ला. मिटवायचं की नाही ते बाई ठरवील, एवढं बोलून मी फोन ठेवला. बाईला निरोप सांगितला तर ती उसळली. "पैसे त्यालाच ठिवू म्हणा. मपली मेंढरं द्या."

मग मी तिला कंपनीचं उत्तर समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ह्या फोनातले गेले, ते समजलं. पर फोटू काढले ते जुन्या फोनानं. त्यात बी नसतेल का?"

जुन्या फोनाची काच फुटली, म्हणून तिनं नवा घेतला होता. दुकानदारानं जुन्या फोनातही तेच खातं उघडून फोटो नव्यात आणून दिले, तेव्हाच त्यानं ते पाहिले होते. जुना फोन त्यानं मागितलाही होता. "मपल्या पैशाचा हाय, फुटका आसला तरी कामून देऊ?" म्हणून हिनं दिला नव्हता. तो बिऱ्हाडाच्या पोत्यात तेव्हापासून बंद पडून होता.

फोन ठाण्यात आला. आमचे हवालदार उत्साहानं म्हणाले, "साहेब, माझ्या मोबाइलवरून नेट देतो."

"हात लावाल तर बघा!" मी एवढ्या जोरात ओरडलो की बाहेरचा पहारेकरी आत आला. फोनाला नेट मिळालं असतं, तर क्लाउडचं बघून त्यानं इथलेही फोटो पुसण्याची भीती होती. सायबर शाखेचा माणूस आला. सिम काढलं, सगळ्यांचे मोबाइल बाहेर ठेवले आणि पंचांसमोर फोन सुरू केला.

तडकलेल्या काचेमागून एक काळं तोंड आमच्याकडे बघत होतं, कपाळावर पांढरा ठिपका. त्याच्यामागे दुसरं, मग तिसरं. चोरांनी कान कापले होते, तोंडं कशी बदलणार? पंचनाम्यात एकेक मेंढरू फोटोशी ताडून घेतलं. बाई रडत होती आणि प्रत्येकीचं नाव सांगत होती.

दुकानदाराला पुन्हा समोर बसवलं. फोटो टेबलावर मांडले आणि म्हणालो, "हस की आता." त्याला हसू आलं नाही. तो व्यापाऱ्याचा सगळा बेत सांगू लागला.

'कायमचं पुसलं' असं कुणी छातीठोक सांगितलं की मी आजही विचारतो, कुठून पुसलं? एका जागेवरून पुसलं म्हणजे जगातून पुसलं असं नाही. फोटो क्लाउडनं परत दिले नाहीत. ते परत मिळाले, कारण एका बाईनं आपल्या हक्काची फुटकी वस्तूसुद्धा सोडली नव्हती.

न्यायालयाच्या आदेशानं मेंढरं तिच्या ताब्यात दिली, त्या दिवशी तिनं ठाण्यातच नवं खातं काढून घेतलं. पासवर्ड टाकताना मात्र सगळ्यांकडे पाठ करून बसली. मी काळजीनं म्हणालो, "विसरलात तर पंचाईत होईल. मला सांगून ठेवा वाटल्यास."

तिनं फोन कमरेला खोचला आणि काठी उचलली.

"तुमाला बी न्हाई सांगायची, साहेब."