जानेवारीतल्या गोचिड्या

"विषबाधा एवढंच लिहा, डॉक्टर. बाकी पोलीस बघतील."

कुसुमताईंनी कागद माझ्यापुढं धरला. गोठ्यात त्यांची संकरित गाय मरून पडली होती. शेजारी दुसरी मान टाकून उभी. गंगापूरकडच्या गावांत मी जनावरांचा डॉक्टर. माझ्या सहीवर त्यांच्या धाकट्या दिरावर, दिगंबररावांवर, केस होणार होती. विहिरीच्या पाण्यावरून दोन्ही घरांत दोन वर्षं अबोला. गोठे मात्र पाठीला पाठ लावून, मधे एकच दगडी भिंत.

"युरिया कालवलाय त्यानं हौदात. सकाळी बादली घासताना त्याला बघितलंय मी."

खरं सांगतो, मलाही संशय आला. दिगंबरराव कुंपणापलीकडं उभे होते, पण नजर देईनात. बादलीला औषधाचा उग्र वास. विचारलं तर म्हणाले, "काय नाय. आमचं आमच्यापाशी."

असा माणूस निर्दोष कसा वाटणार?

पण युरिया पोटात गेला की जनावर काही तासांत फुगून, तडफडून जातं. ही गाय चार दिवस तापानं झिजली होती. हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण पहिल्या दिवशी मीच तिला बघून गेलो होतो. थंडीवाऱ्याचा ताप असेल म्हणून इंजेक्शन दिलं आणि पुढच्या केसला पळालो.

दुसऱ्या गाईला थर्मामीटर लावला. एकशे पाच. खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी सुजलेली. शेपटी उचलून कासेमागं हात फिरवला, तर बोटांना एरंडीच्या बियांसारख्या टम्म गोचिड्या लागल्या.

"ताई, गोचीड आहे."

"जानेवारीत? दिवाळी झाली की फवारणी बंद करतो आम्ही. तुम्हीच तर सांगितलंय."

मीच सांगितलं होतं. दरवर्षी सांगतो. थंडी पडली की गोचीड भिंतीच्या फटीत गप्प पडून राहते, हा आमचा जुना अंदाज. पण यंदा थंडी पडलीच कुठं? दुपारी पंखा लागतोय, अवकाळी पावसाची ओल भिंतीत मुरलेली. गोचिडीला आणखी काय हवं? हवामान बदललं, हे आम्ही मीटिंगमध्ये स्लाइडवर बघतो, माना हलवतो आणि चहा पितो.

आजारी गाईच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला. मेलेल्या गाईच्या गाठीतूनही नमुना घेतला. काचपट्टीवरच्या अशा पातळ थराला स्मिअर म्हणतात. दोन्ही स्मिअर दवाखान्यात रंगवून मायक्रोस्कोपखाली धरले. दोन्हींत थायलेरिया, म्हणजे गोचीड रक्त पिताना जनावरात सोडते तो परजीवी. तासाभराचं काम. पहिल्या दिवशी ते मी केलं नव्हतं.

औषध घेऊन परत गेलो, गाईला टोचलं आणि सरळ दिगंबररावांच्या गोठ्यात शिरलो. त्यांची जनावरं ठणठणीत. भिंत औषधानं ओली.

"गोचीड कधी दिसली?"

"झाला महिना. हप्त्याला बादलीत औषध कालवून फवारतो."

"वहिनींना सांगितलं नाही?"

"बोलणं बंद हाय, डॉक्टर." मग खाली बघत म्हणाले, "त्यांनी इचारलं असतं तर सांगितलं असतं."

मला लई राग आला. पण कुठल्या तोंडानं बोलणार?

कुसुमताईंना सगळं सांगितलं, माझी चूक आधी. 

"म्हंजे त्यानं सांगितलं नाय आन् तुम्ही बघितलं नाय," त्या म्हणाल्या. "आता केस कुणावर करू?"

मी रिपोर्टवर 'गोचीड ताप' लिहिलं, सही केली. दुसरी गाय वाचली. दीर-भावजयीचा अबोला अजून आहे, पण फवारणीचा दिवस आता दोघं माझ्याकडून फोनवर विचारून घेतात. आणि मी कुठल्याही महिन्यात तापाचं जनावर आलं की आधी शेपटी उचलतो, मग मालकाला नमस्कार करतो.