सरुबाईंचा मोठा फोटो

हिंजवडीचं शेत आयटी पार्कला विकल्यावर जयसिंगने चारचाकी घेतली आणि डिजिटल कॅमेराही. सवय मात्र छत्तीस फोटोंच्या रोलची. मेमरी कार्ड पुरावं म्हणून त्याने फोटोचं सेटिंग सगळ्यात लहान आकारावर ठेवलं आणि शेकडो फोटो काढले. त्यांतले बहुतेक गाडीचे.

आई सरुबाईंचं एकच मागणं होतं. "माझ्या दहाव्याला रेशनकार्डावरचा फोटू मोठा करून लावू नगं. जिती हाय तवर चांगला काढ."

त्याने काढला. स्टुडिओत मोठी प्रिंट निघाली, तर चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोन.

"कॅमेरा भारीतला आहे मॅडम!" जयसिंग चिडला.

"असेल ना. फोटो तुम्ही पासपोर्टाएवढा काढलात," स्टुडिओवाल्या शर्मिलाबाई म्हणाल्या. "गाडी घेतानाही अशीच काटकसर केलीत का?"

घरी येऊन त्याने सेटिंग मोठं केलं. सरुबाई पुन्हा नवं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन बसल्या. पण कार्ड भरलेलं.

"आये, काहीतरी पुसावं लागंल."

"गाडीचे पूस की! गाडी दुसरी घेशील."

जयसिंग गाडीचा एकेक फोटो बघत बसला. हनुवटी वर धरूनच सरुबाईंनी विचारलं, "ठरलं का रं? का रेशनकार्ड आणू?"