पॅटर बंद पडली तेव्हा

फौजी माणूस आठवण सांगतोय म्हटल्यावर तुम्ही बर्फ, बंकर आणि बंदूक धरून बसला असाल. सोडा. माझ्याकडे रबरी सूट आहे आणि कळंबसमोरचा समुद्र. गोळी एकही सुटत नाही.

मी नंदाखाल गावचा. रेस्क्यू हेलिकॉप्टरवर डायव्हर होतो. काम एकच: पाण्यात उतर, माणूस पकड, तारेला अडकव. तार सोडणारी-ओढणारी विंच दारात बसून चीफ मोरे चालवायचे. फुलपाड्यात घर, वय सेहेचाळीस. मशीनच्या पोटाखालचं पायलटला दिसत नाही. म्हणून विंचवाला सतत बोलत राहतो आणि पायलट त्या बोलण्यावर मशीन हलवतो. त्याला आम्ही पॅटर म्हणायचो.

चीफची पॅटर अशी: "फॉरवर्ड टेन... फाइव्ह... थ्री... स्टेडीऽऽ." ते स्टेडी नाकातून, म्हशीला थांबवल्यासारखं. कॅन्टीनमध्ये मी ते हुबेहूब काढायचो. चीफ मागे उभे राहून ऐकायचे. "झालं? आता तोंड बंद."

मग ऑर्डर आली. क्रूमधल्या प्रत्येकाने दोन कामं शिकायची, शिवाय फर्स्ट एड. मी विंच शिकलो. चीफनी त्या वयात डायव्हरची टेस्ट दिली. पहिल्यांदा नापास, दुसऱ्यांदा पास.

"चीफ, पेन्शन पाण्यातच घेणार काय?"

"तू आधी विंच नीट चालव. मी तुझ्या भरवशावर उतरणार आहे."

ऑगस्टमधली दुपार. १५१० ला कॉल आला. कळंबहून निघालेली बोट उलटली होती, दोन भाऊ उलट्या बोटीला धरून होते. १५३५ ला आम्ही वर पोचलो. मी उतरलो. धाकट्याला पट्टा बांधतानाच लाटेने मला बोटीवर आपटलं. घोटा गेला. दोघं वर आलो. धाकटा पाणी ओकत एकच बोलत होता, "भाव खाली हाय. त्याला पोवता येत नाय आता, हात मोडलाय."

जुन्या पद्धतीने आम्ही तिथून परत फिरलो असतो. डायव्हर एकच आणि तो लंगडा.

चीफनी हेल्मेट काढून माझ्या मांडीवर टाकलं. "विंच घे."

मी दारात पालथा पडलो. इंटरकॉमवर म्हणालो, "फॉरवर्ड टेन... फाइव्ह..." आवाज माझा निघालाच नाही, चीफचा निघाला. मी तसाच शिकलो होतो. पायलट होते लेफ्टनंट साहेब, त्यांना तोच आवाज सवयीचा. मशीन नीट हललं.

चीफ थोरल्यापर्यंत पोचले. पट्टा बांधला. तेवढ्यात मोठी लाट आली आणि पाण्यावर कोणीच राहिलं नाही. मी बघत राहिलो. तोंडातून शब्द फुटेना.

"पॅटर! विंच, पॅटर!" साहेब ओरडले.

तोवर वाऱ्याने मशीन बाजूला नेलं होतं. तार ताणली. चीफ पाण्यातून वर आले ते थेट बोटीच्या कडेवर छातीने आदळले. थोरल्याला सोडलं नाही. मी बोलायला लागलो, दोघांना वर घेतलं. १६०२.

भाऊ दोघंही जगले. अजून मासे मारतात. चीफच्या फासळ्या फुफ्फुसात घुसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पहाटे ते गेले. नाव लिहिताना आजही मी आधी चीफ लिहितो, मग मोरे.

आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलात त्यांनी मला आत बोलावलं होतं. वहिनी शेजारी बसून होत्या. मी कुबडीवर उभा.

"साहेबांनी सांगितलं मला. किती सेकंद गप्प होतास?"

"चार असतील, चीफ."

"सात. मी पाण्याखाली मोजत होतो." दम लागला, थांबले. वहिनी म्हणाल्या, "अहो, पुरे." त्यांनी हात हलवला.

"का गप्प बसलास?"

"तुम्ही दिसत नव्हता."

"मग 'दिसत नाही' म्हण! ती पण पॅटर आहे, गाढवा. पायलट आंधळा असतो. त्याला ते पण कळायला नको?"